दोन बोटांची कड

भंगारवाल्याचा टेम्पो सकाळी नऊपासून दुकानाच्या दारात उभा होता, आणि अकरा वाजेपर्यंत त्यात पन्नासहून जास्त वर्षांचं दुकान जाऊन बसलंसुद्धा. दोन जळकी वेल्डिंग मशिनं, पाय मोडलेलं टेबल, वाकड्या चिमट्यांची टोपली, मुठी नसलेल्या कानशी, आणि कधीतरी उपयोगी पडेल म्हणून जपलेलं, पण कधीच उपयोगी न पडलेलं ढीगभर लोखंड. धाकटी दारात खुर्ची टाकून बसली होती. रडायचं नाही असं घरूनच ठरवून आली होती, आणि खरं सांगायचं तर त्या लोखंडासाठी तिला रडू येतही नव्हतं. जन्मभर त्याच्याच ठेचा खाल्ल्या होत्या. एवढ्यात भंगारवाल्याने मागच्या भिंतीला टेकवलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पत्रा ओढला. कागद टरकन फाटला. दोन हात लांब, हातभर रुंद, चारी कडा गंजून तांबड्या झालेल्या, मधे खडूने काहीतरी लिहिलेलं. धाकटी अशी काही उठली की खुर्ची मागच्या मागे पडली.

"तो नाही," ती म्हणाली. "तो ठेवा खाली."

भंगारवाल्याला वाटलं, बाई भाव वाढवून मागतायत. त्याने समजुतीने सांगितलं की याच्या कडा खलास झाल्यात, याला कोण विचारतो, मोठ्या मालाबरोबर जाऊ द्या. धाकटी म्हणाली, कडा खलास झाल्यात म्हणूनच तो जायचा नाही. तिचा नवरा बाळ्या आतल्या कोपऱ्यात पाठ करून उभा राहिला. त्याला म्हणे चष्मा पुसायचा होता.

आता या पत्र्याचं सांगायचं तर दादांचं सांगायला हवं, आणि दादांचं सांगायला बसलं की धाकटीचा आवाज आधी चढतो आणि मग बसतो. दादा म्हणजे तिचे थोरले दीर. ती घरात आली त्या दिवशी सगळ्यांनी तिला धाकटी म्हणायला सुरुवात केली, ती आज साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटीच. बाळ्याचंही तेच. डोक्यावर एक काळा केस शोधून सापडायचा नाही, पण बाळ्या. दादांनी ठेवलेली नावं कोण बदलणार?

वडील गेले तेव्हा दादा पंधरा वर्षांचे होते आणि बाळ्या चार. दादांनी शाळेचं दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलंच. दुसऱ्यांच्या दुकानात फाटकं, खिडक्या जोडून त्यांनी आईला आणि भावाला जगवलं, आणि पंचविशी यायच्या आत स्वतःचं दुकान थाटलं. लांबट, बोळासारखी एकच खोली, पुढे रुंद दार, मागे एक खिडकी, आणि त्या खिडकीला लोखंडाच्या पट्ट्या टेकवून ठेवलेल्या, म्हणजे ती असून नसल्यासारखी. दादा बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. उभ्या जन्मात एक खाडा नाही, हे ते येईल त्याला ऐकवायचे. अंग दुखतंय, डोकं धरलंय असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आजारपण ही त्यांच्या लेखी एक सवय होती, चहा-तंबाखूसारखी, ज्याने त्याने लावून घेतलेली.

दुकानात शिरलं की उजव्या हाताला एक फळी होती. तिच्यावर स्टीलचे दोन पेले उपडे ठेवलेले असायचे. सकाळी मशीन सुरू करायच्या आधी दोघा भावांनी पेलाभर दूध प्यायचं, हा नियम. दूध धूर बांधून ठेवतं, छातीत उतरू देत नाही, असं दादांना त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाने. या धंद्यातली माणसं लोखंड ठोकून बघतील, रॉड वाकवून बघतील, पण दुधावर कुणी शंका घेतली नाही.

बाळ्या मोठा झाला तसा त्याचा हात दादांपेक्षा हलका निघाला. दादा जाड काळं लोखंड जोडायचे, दणक्यात. पण पातळ पत्रा जोडायला वेगळाच हात लागतो. वेल्डिंगची काडी जराशी रेंगाळली की भोक. बाळ्याला ते आपसूक यायचं. म्हणून पाण्याच्या टाक्या, धान्याच्या कोठ्या, हवेचे पाइप, असलं जस्ताचा मुलामा दिलेल्या चमकत्या पत्र्याचं सगळं काम त्याच्याकडे आलं. दादांना त्याचं केवढं कौतुक. नाजूक काम म्हणून त्यांनी त्याला दुकानातली सगळ्यात चांगली जागा दिली, अगदी आतला कोपरा. तिथे रस्त्यावरची धूळ नाही, वारा नाही, डोक्यावर दिवा. धाकटीला आजही त्या कोपऱ्याचा राग येतो. एवढ्या प्रेमाने माणसाला कुणी धुरात बसवलं नसेल.

लग्न होऊन आठ दिवस झाले आणि कामावरचा पहिला सोमवार आला. बाळ्या संध्याकाळी घरी आला तो हसतच, पण चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, तोंडात काहीतरी गोड लागतंय, नाणं चघळल्यासारखं. तासाभरात हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, अंग ठणकायला लागलं, ताप फणफणला. नवी नवरी बिचारी, घरातली सगळी पांघरुणं त्याच्यावर घालत राहिली. पहाटे घाम फुटून ताप उतरला, आणि दुपारी हा गडी जेवून दुकानात गेला, जणू काही झालंच नव्हतं. बुधवारी ठणठणीत. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी ठणठणीत. रविवारी दुकान बंद. सोमवारी संध्याकाळी पुन्हा पांघरुणं.

दुकानातल्या दोन कारागिरांनी त्याचं नाव मंगळ्या पाडलं होतं, कारण मंगळवारी सकाळी त्याची जागा रिकामी. रविवारची सुट्टी बाळ्याला पुरत नाही, असं म्हणून ते हसायचे. दादा हसायचे नाहीत. ते मूग गिळून बसायचे, आणि ते जास्त वाईट होतं. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. खुद्द बाळ्यालाही वाटायला लागलं होतं की आपल्यातच काही खोट आहे, आपलं शरीरच कामाला कच्चं. दूध तर तो नेमाने पीत होता.

पण धाकटी शिंप्याची मुलगी. लहानपणापासून दुसऱ्यांचे कपडे बघत वाढलेली. कुठल्या माणसाची कुठली बाही कुठे झिजते हे तिला न सांगता कळायचं. धुणं धुताना तिच्या लक्षात आलं की दादांच्या शर्टाची घाण काळी-तपकिरी असते आणि बाळ्याच्या शर्टाची पांढरी. कॉलरच्या घडीत, खिशाच्या तळाशी, भुवयांतसुद्धा पिंजलेल्या कापसासारखी पांढरी भुकटी. तिने कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. एकदा पत्र्याचा माल आलाच नाही. आठवडाभर बाळ्याने काळं लोखंड केलं आणि त्या सोमवारी ताप आला नाही. एकदा कुणाच्या तरी लग्नासाठी दुकान चार दिवस बंद राहिलं आणि शुक्रवारी उघडलं. ताप शुक्रवारी आला. म्हणजे दोष सोमवारचा नव्हता. चार दिवस, दोन दिवस, एक दिवस चांगल्या हवेत काढून तो परत त्या पांढऱ्या धुरात बसला की शरीर पहिल्या दिवशी बोंब मारत होतं, आणि मग बिचारं निमूट सोसत होतं. तिने बाळ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, दादांना नको सांगूस, त्यांना वाटेल मी बायकोला पुढे केलं.

मग वसतिगृहाच्या टाक्या आल्या. आठ टाक्या, झाकणांसकट, मंगळवारी दुपारी द्यायच्या. सोमवारी बाळ्याने दिवसभर टाक्यांत डोकं घालून आतल्या शिवणी मारल्या. मंगळवारी सकाळी दोन टाक्या अर्धवट, माणूस अंथरुणात. वसतिगृहाचे व्यवस्थापक वेळेआधीच गाडी घेऊन आले आणि त्यांनी दादांचा असा पाणउतारा केला की शेजारचे दुकानदार बाहेर येऊन ऐकत उभे राहिले. दादांना जन्मात कुणी असं बोललं नव्हतं. बाळ्या दुपारी लटपटत पोचला तेव्हा दादा दारातच उभे होते.

"कामचुकार आहेस तू," दादा सगळ्यांच्या देखत म्हणाले. "बापाच्या जागी होतो म्हणून दोन वर्षं गप्प बसलो. उद्यापासून या दारात पाऊल टाकू नकोस."

बाळ्या घरी आला आणि पायरीवर बसून राहिला, बूटसुद्धा काढले नाहीत. जेव म्हटलं, जेवला नाही. संध्याकाळी कधीतरी एवढंच म्हणाला की दादांनी मला चार वर्षांचा असल्यापासून भरवलंय गं. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला दादांचा राग आला, बाळ्याचा आला, आणि दुधाच्या त्या पेल्यांचा सगळ्यात जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणाला न विचारता दुकानात गेली. थोरल्या दिरासमोर तोवर तिने मान वर करून कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. कारागिरांनी हातातलं काम थांबवलं. तिने कॅलेंडर काढलं, खुणा दाखवल्या, काळ्या लोखंडाचा आठवडा दाखवला, शुक्रवारचा ताप दाखवला. दादा हसले. म्हणाले, धूर मी वीस वर्षं खातोय, मला नाही कधी ताप आला.

"तुम्ही काळं लोखंड करता, भाऊजी," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात एक सोमवार पत्र्यावर बसून बघा."

"आणि मला काही झालं नाही तर?"

"तर आम्ही दोघं हे गाव सोडून जातो. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

बोलून गेली आणि मग जीभ चावली. पण शब्द तोंडातून सुटला होता, आणि दादा शब्दाला पक्के. सोमवारी बसतो म्हणाले. वसतिगृहाच्या त्या दोन टाक्याही राहिल्याच होत्या.

सोमवारी दादा एक सोडून दोन पेले दूध प्यायले, कारागिरांना दाखवून. धाकटी घरी बसून तास मोजत होती. बाळ्याला तिने काय पैज लावली ते सांगितलं होतं आणि तो तिच्याशी बोलत नव्हता. संध्याकाळी साडेपाचला दादा गल्लीतून गेले. खिडकीतून तिने पाहिलं, ताठ चालत होते, एकाला हात करून रामरामही केला. कपाटावरची ट्रंक तिने खाली काढली, उघडली आणि नुसती बघत बसली. ट्रंकेत काय भरायचं हेही सुचेना.

सात वाजता दारावर थाप पडली. दादांची बायको, म्हणजे तिची मोठी जाऊ, धापा टाकत उभी होती. म्हणाली, चल लवकर, ते थडथड उडतायत.

तीन पांघरुणांखाली दादा हलत होते. ज्या माणसाच्या अंगावर कधी चादर चढली नव्हती तो गुडघे पोटाशी घेऊन लहान पोरासारखा पडला होता. धाकटीने पाणी पुढे केलं. एक घोट घेऊन त्यांनी भांड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पाणी गोड का लागतंय?" त्यांनी विचारलं.

धाकटीला आनंद झाला. क्षणभरच झाला, पण झाला, आणि त्या क्षणाची लाज तिने आजवर सांभाळलीय. लगेच तिला भीती वाटली, हा एवढा दांडगा माणूस आपल्यापायी उद्या उठलाच नाही तर? ती उशाशी बसून राहिली, कपाळावर ओली पट्टी ठेवत. बऱ्याच वेळाने दादांनी डोळे न उघडता विचारलं, "हे त्याला दर आठवड्याला होतं?"

"दर आठवड्याला. दोन वर्षं."

दादांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

सकाळी डॉक्टर येऊन गेले. त्यांनी छाती तपासली आणि सांगितलं की जस्त जळलं की असला ताप येतो, दिवसभरात उतरतो, पण परत परत अंगावर काढायची ही गोष्ट नाही, छाती कायमची बिघडू शकते. आणि दुधाचा या धुराशी काडीचाही संबंध नाही, हेही सांगितलं. दादांना तापापेक्षा हे जास्त लागलं असावं. त्या मंगळवारी दादांचा जन्मातला पहिला खाडा पडला.

बुधवारी ते धाकटीच्या दारात उभे. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. बाळ्याकडे बघितलं नाही, धाकटीला विचारलं, ती चमकच जळते ना? मग जोडायच्या आधी ती काढून टाकली तर? धाकटी म्हणाली, मला तुमच्या लोखंडातलं कळत नाही, पण आम्ही शिवणीला दोन बोटं माया ठेवतो, तशी जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं खरवडून टाका, आतूनही आणि बाहेरूनही. दादांनी मान हलवली. मग बाळ्याला म्हणाले, चल, टाक्या राहिल्यात.

बस्स. एवढंच. कामचुकार हा शब्द जिथे टाकला होता तिथेच राहिला.

पण दुकान बदललं. मागच्या खिडकीच्या पट्ट्या हलल्या आणि तिथे मोठा पंखा बसला, धूर बाहेर खेचणारा. पत्र्याचं काम कोपऱ्यातून उठून मागच्या उघड्या पडवीत गेलं. बाळ्याने वारा पाठीशी घेऊन बसायचं, धुराच्या वाटेत डोकं धरायचं नाही. टाकी बंद करून आत डोकं घालून जोडणं कायमचं बंद; आतली शिवण आधी मारायची, झाकण मागाहून. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही हे कळल्यावर दादांनी गालांवर दोन गोल गाळण्यांचा खरा मास्क आणला. तो घातलेल्या बाळ्याला बघून मोठी जाऊ म्हणाली, हा तर डुकरासारखा दिसतो. दादा म्हणाले, दिसू दे. पेले फळीवरच राहिले, पण त्यातलं दूध चहात जायला लागलं.

आणि खरवडणं. ते दादांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. रोज सकाळी आठ वाजता, आपलं फाटकांचं काम सुरू करायच्या आधी, त्या दिवशी जोडायचे पत्रे ते पडवीत मांडायचे. कडेवर उजव्या हाताची दोन बोटं टेकवायचे, खडूने रेघ मारायचे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, आणि ग्राइंडरने, कोपऱ्यांत कानशीने, चमक उतरवून खालचं करडं लोखंड उघडं करायचे. उलट बाजूनेही. त्यांची दोन बोटं म्हणजे साध्या माणसाची तीन. मग पत्र्यावर वार लिहायचे, सोम, मंगळ, बुध, कारण मुलामा काढलेली कड उघडी राहिली की गंज धरते. आजचं आज खरवडायचं, आजचं आज जोडायचं, जोड थंड झाला की त्यावर लगेच जस्ताचा रंग मारायचा, हा त्यांचा कायदा. कालचा वार दिसला की पत्रा परत घासायचा. कुणी घाईत उद्याचे पत्रे आज खरवडून ठेवले तर दादा असे कडाडायचे की बिचाऱ्याला घरी जावंसं वाटायचं.

बाळ्याला परत कधी ताप आला नाही. त्या दुकानाच्या टाक्या गावभर झाल्या, आणि त्या लांबूनही ओळखू यायच्या, शिवणीवरून जाणाऱ्या रुंद रुपेरी पट्ट्यावरून. लोक म्हणायचे, यांचा पट्टा इतरांपेक्षा रुंद का असतो? धाकटी मनात म्हणायची, विचारा त्या थोरल्या साहेबांना.

कारण ती विसरली नव्हती. छत्तीस वर्षं विसरली नाही. चारचौघांत बोललेला शब्द चारचौघांत परत घ्यायला हवा होता, असं तिचं म्हणणं. बाळ्या म्हणायचा, अगं, रोज सकाळी माझ्यासाठी वाकून बसतो तो माणूस, आणखी काय पाहिजे तुला? ती म्हणायची, मला कानाने ऐकायचंय. दादा तिच्याशी नीट वागायचे, तिच्या हातचं आवडीने जेवायचे, तिला विचारल्याशिवाय दुकानात नवीन वस्तू आणायचे नाहीत. पण तो विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचे. एकदा तर ती खनपटीलाच बसली, तेव्हा ते चक्क चप्पल घालून बाहेर पडले आणि तासाभराने भाजी घेऊन आले. कुणी सांगितली नव्हती भाजी.

एकाहत्तराव्या वर्षी दादांच्या छातीत कळ आली. हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली, आणि पुढच्या शनिवारी दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलं. त्या आठवड्यात ते रोज दुकानात जात होते. बाळ्याने विचारलं तर म्हणाले, बसून राहतो नुसता, घरी करमत नाही. दुपारी बाळ्या जेवायला घरी यायचा तेव्हा ते मागे थांबायचे. शुक्रवारी घरी आले तेव्हा त्यांच्या नखांत करडी भुकटी होती. धाकटीने बघितली. तिला वाटलं, करू दे, हौस आहे त्यांची.

ऑपरेशनच्या टेबलावरून दादा परत आले नाहीत.

पंधरा दिवसांनी दोघांनी दुकान उघडलं. पडवीच्या आडोशाला, ताडपत्रीखाली, टाक्यांच्या बाजूंसाठी कापलेले पत्रे एकावर एक रचलेले, प्रत्येक दोहोंच्या मधे वर्तमानपत्र. बाळ्याने मोजले, तेवीस. सगळ्यांच्या कडा खरवडलेल्या, दोन्ही बाजूंनी, कोपऱ्यांसकट. आणि सगळ्यांवर बारीक तांबूस गंज चढलेला.

बाळ्या भडकला. धाकटीने त्याला एवढा चिडलेला कधी पाहिला नव्हता. म्हाताऱ्याला वेड लागलं होतं का, जन्मभर आम्हाला शिव्या घातल्या आणि स्वतः कडा उघड्या टाकून गेला, वजन उचलू नको म्हटलं होतं तरी, सगळा माल वाया. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला आणि तो पत्र्यांच्या बाजूलाच खाली बसला. धाकटीने वरचा पत्रा उचलला. त्यावर खडूने लिहिलं होतं, सोम. खालच्यावरही सोम. त्याच्या खालच्यावरही. वरचे चार-पाच पाहिले, मंगळ नाही, बुध नाही. पुढच्या सगळ्या सोमवारांची सोय त्या माणसाने करून ठेवली होती.

"वाया कसा जाईल?" ती म्हणाली. "वायरब्रश द्या इकडे."

मग दर सोमवारी दोघं वरचा एक पत्रा काढायचे, त्याचा गंज घासायचे आणि जोडायचे. बाकीच्या दिवसांचे पत्रे धाकटी खरवडायची, चष्मा लावून, मास्क घालून, सत्तावन्न वर्षांच्या वयात. रेघ मारताना ती तीन बोटं टेकवायची. दोनांनी दादांएवढी रुंदी भरायची नाही. दादांच्या जागी वाकून बसल्यावर तिला कळलं की कंबर किती भरून येते, आणि हे छत्तीस वर्षं रोज म्हणजे काय. तरीही मनातल्या मनात ती म्हणायची की एकदा तोंडाने बोलला असतात तर काय बिघडलं असतं, भाऊजी?

तेविसाव्या सोमवारी शेवटचा पत्रा निघाला, ढिगाच्या तळाचा, म्हणजे दादांनी सगळ्यात आधी केलेला. बाळ्याने त्याच्यावरचं वर्तमानपत्र काढलं आणि तो बघतच राहिला. मग त्याने मशीन बंद केलं आणि मास्क काढला. धाकटी जवळ गेली. दादांचं अक्षर आठवीत सुटलेल्या शाळेचं, गोल, प्रत्येक शब्दावर नीट रेघ दिलेलं. वर सोम लिहिलं होतं. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात:

मंगळवारी सुट्टी घे.

बाळ्या ढसाढसा रडला. धाकटी नाही रडली, ती पत्र्यावरून हात फिरवत होती, अक्षर पुसणार नाही अशा बेताने, कडेकडेने. तो पत्रा त्यांनी जोडला नाही. त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या भिंतीला टेकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. बाळ्या सवयीने सातला उठला, आंघोळ करून शर्ट घालून बसला, आणि मंगळवारी माणसं घरात काय करतात हे त्याला काही सुचेना. दोनदा चहा प्यायला. खिडकीची कडी दुरुस्त केली. दुपारी जेवून आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला. धाकटीने कामं आवरली, हात पुसले, त्याच्या उशाशी येऊन बसली, आणि जुन्या सवयीने त्याच्या कपाळावर हात ठेवून बघितला. कपाळ थंड होतं.